येथे रेडियम मिळत नाही

माजलगावात गाड्यांवर नावं चिकटवून देणारी बरीच दुकानं आहेत आणि त्या सगळ्यांच्या पाट्यांवर 'रेडियम' हा शब्द असतोच. अमुक रेडियम, तमुक रेडियम आर्ट. फक्त धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानावर लाल अक्षरांत हातभर उंचीची पाटी आहे : 'येथे रेडियम मिळत नाही'. खाली बारीक अक्षरांत 'लिंबाजी पेंटर'. आत माल तोच, कापायचं मशीन तेच, चिकटवायची पद्धतही तीच. पण मालक वेगळा आहे आणि तो माझा शेजारी आहे.

हे दुकान चालतं कसं, असं मला बरेच जण विचारतात. खरं सांगायचं तर मलाही नीट कळलेलं नाही. गिऱ्हाईक येतं, 'रेडियम' म्हणतं आणि शाळेत बसल्यासारखं अर्धा तास बसतं. मी स्वतः तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, पण इतकी शांत पोरं मला कधी मिळाली नाहीत. कारण उघड आहे. माझ्या पोरांची गाडी माझ्या ताब्यात नसायची.

एकदा उसाच्या हंगामात एक ट्रॅक्टरवाला घाईघाईत आला.

"मामा, ट्रॉलीच्या मागं रेडियमचं नाव टाकून द्या."

"रेडियमचं?" लिंबाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "लई जहरी जिन्नस हाय त्यो. ट्रॉलीवर टाकलं तर मागून येनाऱ्याचं सोड, तूच न्हाई ऱ्हायचा. कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. समदेच म्हनतेत."

"समदे चुकतेत. तसं न्हाई. मुळात चल. हे विनाईल हाय."

"बरं, मग विनाईलचं टाका."

"आदी मूळ तर ऐक. लॅटिन म्हनून एक भाषा आसती. तिच्यात 'विनुम' म्हंजी द्राक्षाची दारू. आन ग्रीक म्हनून दुसरी भाषा. तिच्यात 'हुले' म्हंजी लाकूड. एका जर्मन शास्त्रज्ञानं दोन्हीची गाठ मारली आन नाव पाडलं विनाईल."

"दारू आन लाकूड?"

"दारू आन लाकूड. कावून? तर दारूतला जो आल्कोहोल, त्याच्या भावकीतलं हे. आन लाकूड म्हंजी चुलीतलं सरपण न्हाई. ज्याच्यापासून वस्तू घडती त्यो माल, आसा आर्थ हाय."

"मामा, कारखान्यावर नंबर लागलाय माझा!"

पण ट्रॉली दुकानासमोर आडवी लावलेली आणि तिच्यावर नावाचं पहिलं अक्षर चिकटवून झालेलं. एका अक्षराची ट्रॉली घेऊन जाणार कुठं? तो बिचारा द्राक्षापासून मिठापर्यंत सगळं ऐकून गेला. कारण लिंबाजींचं मूळ दारूपाशी थांबत नाही. विनाईलमध्ये मिठातला क्लोरीन असतो, ते वेगळं प्रकरण आहे आणि त्याला आणखी दहा मिनिटं लागतात.

हे सगळं त्यांना एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितलं. ते घरासाठी नावाची पाटी करायला आले होते. लिंबाजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, परत चहा दिला आणि पाटी काही दिली नाही. शेवटी प्राध्यापकांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं सगळी माहिती लिहून दिली तेव्हा सुटका झाली. ती पत्रिका आजही दुकानात आहे, जाड पारदर्शक विनाईलमध्ये चिकटवलेली. पत्रिकेतल्या नवरा-नवरीला आता नातवंडं झाली असतील.

'मुळात चला' हा त्यांचा मंत्रच. कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. आमच्या गल्लीला हे नाव का पडलं, तहसीलच्या आवारातला नळ वाकडा का, अमक्याच्या आजोबांना 'कप्तान' का म्हणत, सगळ्याची मुळं त्यांच्याकडे आहेत. पण सगळ्या मुळांचा राजा विनाईल.

आमच्या गल्लीतले हरिभाऊ माळकरी आहेत. त्यांनी नव्या मोटारसायकलवर 'माउली कृपा' असं लिहून घेतलं आणि मग मूळ ऐकलं. दारूचं नाव कानी पडल्यावर त्यांचा चेहरा पडला. माउलींचं नाव दारूत! त्यांनी दुपारभर ओट्यावर बसून नखांनी ती अक्षरं खरवडली. रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी सातला ते परत दुकानासमोर उभे होते.

"लिंबाजी, मूळ द्राक्षाचंच ना?"

"द्राक्षाचंच."

"मग द्राक्ष चालतंय. उपासाला बी चालतंय. लाव परत."

मागं मला डेंग्यू झाला होता तेव्हाची गोष्ट. मी दवाखान्यात पडून होतो, हाताला सलाईन. लिंबाजी भेटायला आले. माझ्याकडे पाहायच्या आधी त्यांनी सलाईनची नळी दोन बोटांत धरली, हळूच दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "सर, घाबरू नका," ते म्हणाले, "आपलंच मानूस हाय. विनाईल." शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाटलं, या नावाचा कुणी डॉक्टर ओळखीचा निघाला. त्यानंही वशिला लावायला सांगितला.

आमच्या घराची तर त्यांनी मोजदादच केली आहे. शेतातला पाइप, वायरीवरचं कवच, टेबलावरचं फुलाफुलाचं कापड, मोटारसायकलची सीट, माझी जुनी बॅग. "सकाळी उठल्यापासून तुमी विनाईलातच हाव सर," असं ते आमच्या हॉलमध्ये उभं राहून जाहीर करतात. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं आहे. "मिठाच्या बरणीपाशी येऊ देऊ नका," असं त्यांचं मला सक्त बजावणं असतं.

आता या माणसाच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, ज्यांचं मूळ तो कुणालाच सांगत नसे.

पहिली म्हणजे दुकानाच्या भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी खिळ्याला लटकवलेली एक काळी तबकडी. ग्रामोफोनची. वरून जाड पिशवी, पिशवीला चारी बाजूंनी चिकटपट्टी. लिंबाजींचे वडील, बापू, लाऊडस्पीकरवाले होते. चकलांब्याकडच्या दहा-पंधरा गावांतल्या लग्नांत त्यांचा कर्णा वाजायचा. ते गेल्यावर कर्णे भंगारात गेले, मशीन गेलं, तबकड्या गेल्या. ही एक राहिली. तिला कुणी हात लावायचा नाही. एका गिऱ्हाइकानं नुसतं बोट दाखवून "हे बी विनाईल का?" असं विचारलं. लिंबाजी "हाव" म्हणाले आणि गप्प बसले. मूळ नाही, लॅटिन नाही, काही नाही. ते गिऱ्हाईकच घाबरलं.

दुसरी गोष्ट म्हणजे हा माणूस कुणाला निरोप द्यायला कधी जात नाही. पाहुणा निघाला की लिंबाजी गायब. त्यांची थोरली बहीण, अक्का, परळीजवळच्या धर्मापुरीला दिलेली. आई लवकर गेली, त्यामुळे अक्कांनीच त्यांना लहानाचं मोठं केलं. लिंबाजींनी लग्न केलं नाही, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा अक्काच येतात, आठ दिवस राहतात, भावाचं घर झाडून पुसून, लोणचं घालून जातात. या आठ दिवसांत लिंबाजी पोरासारखे हुंदडत असतात. पण अक्कांनी पिशवी भरायला घेतली की त्यांना तातडीची नंबरप्लेट आठवते. दरवेळी अक्कांना एसटीत मीच बसवून यायचो.

आमच्या भागातली एक रीतही इथंच सांगतो. नवरीला वाटं लावताना, म्हणजे सासरी पाठवताना, एक जुनं गाणं म्हणतात :

उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं, मागं वळून पाहते गं
अंगणातल्या तुळशीपाशी मन माझं राहते गं

यातलं 'मागं वळून' हे तीनदा म्हणायचं. मागं वळून, मागं वळून, मागं वळून. आणि दरवेळी नवरीनं थांबून, मान वळवून माहेरच्या माणसांकडे पाहायचं. तीनदा पाहिल्यावरच गाणं पुढं जातं आणि नवरी गाडीत बसते. बाहेरचे पाहुणे ही रीत पाहून चकित होतात. का तीनदा? गुरुजी सांगतात, देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. आमच्या सासूबाई म्हणतात, एकदा आईसाठी, एकदा बापासाठी, एकदा भावासाठी. एका तरुण पत्रकारानं तर छापून आणलं, की निजामाच्या काळी तीनदा सलाम करायची पद्धत होती, त्याचाच हा अवशेष. सगळं गाव त्या लेखावर बोललं. फक्त लिंबाजी बोलले नाहीत. मुळाचा विषय निघाला असताना हा माणूस गप्प कसा, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

ते ध्यानात आलं माझ्या मुलीच्या, रेवतीच्या लग्नात. रेवती लिंबाजींच्या दुकानात वाढली म्हटलं तरी चालेल. तिच्या दप्तरावर, पाटीवर, सायकलवर तिचं नाव त्यांनीच चिकटवलं. लग्न ठरलं तसं तिनं हट्ट धरला, वाटं लावताना ते गाणं अस्सल तबकडीवर वाजलं पाहिजे. तिच्या एका मित्राकडे तबकड्या वाजवायचं नवं मशीन होतं. लिंबाजींच्या भिंतीवरची तबकडी त्याच गाण्याची आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आपला ऐटीत त्यांच्याकडे गेलो. रेवतीसाठी नाही म्हणणार नाहीत, अशी खात्री होती.

"अक्का येनार हाय ना लग्नाला?" त्यांनी विचारलं.

"येणार म्हणजे? आत्या म्हणून मिरवणार आहेत."

"मग न्हाई."

ते मशीनकडे वळले आणि उगाचच बटणं दाबू लागले. मला राग आला. अहो, एवढं काय त्या तबकडीचं? तर त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, स्टूल पुढं सरकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा 'मुळात चला' न म्हणता, हळू आवाजात मूळ सांगितलं.

"अक्काच्या लग्नात मी नऊ वर्साचा व्हतो सर. बापूनं मला मशीनपाशी राखन बसिवलं आन सांगितलं, हे गानं संपलं की गाडी निघंल. माझ्या डोक्यात तेच बसलं. गानं संपलं की अक्का जाती. मग गानं संपलंच न्हाई तर? मी कुपाटीचा बाभळीचा काटा आनला आन तबकडीवर आडवा वढला. दाबून. काटा मोडला, टोक माझ्या बोटात गेलं. रडत अक्काकडं गेलतो. हळदीच्या हातानं तिनं बांगडीतल्या पिनीनं काढलं."

"मग?"

"मग गानं लागलं. 'मागं वळून' म्हनलं आन सुई आडकली. टक. मागं वळून. टक. मागं वळून. अक्का दरयेळी वळायली. बापू मांडवातून पळत येस्तवर तीनदा झालं, मग त्येनी बोटानं सुई फुडं ढकलली. अक्का गेली."

एवढंच झालं असतं तर ती पोराची खोडी म्हणून संपली असती. पण त्या गाण्याची बापूंकडे दुसरी तबकडी नव्हती. पुढच्या प्रत्येक लग्नात तीच वाजली, तिथंच अडकली. बापू जवळ बसून असायचे, पण बायकाच ओरडायच्या, "तीनदा होऊ द्या, तीनदा!" चार-पाच वर्षांत गावोगावच्या बायका तबकडीशिवायसुद्धा तसंच म्हणू लागल्या. बापू गेले, कर्णा गेला, ओरखडा मात्र राहिला.

मी हसलो. हसण्यासारखंच होतं. देवऋण, ऋषिऋण आणि निजामाचा सलाम, सगळं एका बाभळीच्या काट्यावर उभं होतं! पण लिंबाजी हसत नव्हते.

"तुमाला हसू येतंय सर. अक्काला तिच्या सासूनं त्येच्यावरून लई बोल लावले. लई मागं बघनारी सून हाय, हिचा जीव म्हायेरात आडकलाय, ही न्हाई नांदायची. कैक वर्सं ऐकून घेतलं तिनं. समदं माझ्या त्या काट्यानं. आन तिला वाटतंय, तबकडी जुनी म्हनून आडकली आसंल. आता तिच्यासमोर ती वाजवू? ती इचारील, ह्यो वरखडा कशाचा रं लिंब्या? मला तिच्याशी लबाड बोलता येत न्हाई."

"म्हणून निरोपाला जात नाही?"

"ती मागं बघती ना सर," ते म्हणाले. "आन लगीन बी म्हनूनच न्हाई केलं. लगीन करायचं म्हंजी कुनाची तरी अक्का उचलून आनायची. तिथंबी एखादं पोरगं काटा घेऊन बसलेलं आसंल."

उठताना मी सहज विचारलं, बापूंना कळलं होतं का? ते म्हणाले, बापूंनी फक्त तबकडी उजेडात धरून पाहिली होती. त्याआधीच्या लाखेच्या तबकड्या पडल्या की फुटायच्या. ही नवी होती. "बापू म्हनले, विनाईल हाय, फुटत न्हाई. पन वरखडा इसरत बी न्हाई. तवापासून ह्यो शब्द डोक्यात बसलाय सर. म्हनून मूळ हुडकीत फिरायलाव."

रेवतीला मी काहीबाही सांगून गप्प केलं.

लग्न गेवराई रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात झालं. जेवणावळी उत्तम झाल्या, अक्का नवी इरकल नेसून आत्या म्हणून मिरवल्या, लिंबाजींनी वऱ्हाडातल्या तिघांना खुर्च्यांच्या गाद्यांचं मूळ सांगितलं. सगळं रीतसर चाललं होतं. तीनच्या सुमारास रेवती निघाली. लिंबाजी अर्थातच दिसेनासे झाले.

डीजेवाल्या सचिननं ते गाणं कुठून तरी मोबाईलवर मिळवलं होतं. "काका, ओरिजिनल हाय. एकदम क्लीन," असं तो सकाळपासून सांगत होता. गाणं सुरू झालं. बाईचा गोड आवाज, मागं सनई. 'मागं वळून' आलं, रेवती वळली, आमच्याकडे पाहिलं. मग ती दुसऱ्यांदा वळणार, तोवर गाणं तुळशीपाशी पोचलं होतं. रेवती अर्धी मान वळवून तशीच उभी राहिली. बायकांचा सूर तुटला. अर्ध्या जणी 'मागं वळून'वर आणि अर्ध्या जणी 'अंगणातल्या'वर.

"आरं चुकलं, चुकलं!" आमच्या सासूबाई ओरडल्या.

"आजी, गानं नीट हाय!" सचिन म्हणाला.

"नीट हाय त्येच चुकलं! आमाला मोडकं पाहिजे! मोडकं लाव!"

सचिननं घाबरून मोबाईलवर बोट मारलं तर गाणं पहिल्यापासून लागलं. परत बोट मारलं तर कसलीशी जाहिरात लागली. नवऱ्याकडचे लोक जालन्याचे. त्यांना यातलं काहीच कळेना. नवरदेवाचे मामा घड्याळ पाहू लागले. विहीणबाई म्हणाल्या, "झालं की एकदा बघून, चला." रेवतीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता, की तिला आता रडावं की थांबावं हेच कळत नव्हतं. आणि मला, तिच्या बापाला, काहीही सुचत नव्हतं.

तेवढ्यात जनरेटरच्या आडून लिंबाजी आले. म्हणजे ते गेलेच नव्हते, तिथंच लपून बसले होते. त्यांनी सचिनच्या हातातला माइक काढून घेतला, आवाज बंद करायची खूण केली आणि त्या फाटक्या, सर्दी झाल्यासारख्या आवाजात सुरू केलं :

"उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं, मागं वळून... टक."

तो 'टक' त्यांनी जिभेनं असा काही काढला, की जुन्या बायकांच्या अंगावर काटा आला. तोच आवाज! सुई उडण्याचा. रेवती वळली.

"मागं वळून... टक."

रेवती वळली. आता बायकांनी सूर धरला.

"मागं वळून... टक."

तीन झाले. सगळ्यांनी पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला. पण लिंबाजी पुढं जाईनात.

"मागं वळून... टक. मागं वळून... टक."

चार, पाच. आधी लोक हसले. रेवतीही रडता रडता हसली आणि दरवेळी वळत राहिली. सहा. मग हसणं थांबलं, कारण लिंबाजींचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते गंमत करत नव्हते. त्यांना थांबता येत नव्हतं. आणि खरं सांगतो, थांबावं असं मलाही वाटत नव्हतं. जोवर हा माणूस अडकून आहे तोवर माझी पोरगी दारात आहे, एवढंच मला कळत होतं.

गर्दीतून अक्का पुढं आल्या. गुडघे दुखतात, त्यामुळे हळूहळू आल्या. भावाच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक बोट त्याच्या खांद्याला लावून हलकेच पुढं ढकललं. बापू सुई ढकलायचे, तसं.

"बास, लिंब्या," त्या म्हणाल्या. "जाऊ दे आता पोरीला."

माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू आलं. लिंबाजींनी डोळे उघडले. आणि पुढची ओळ म्हटली. बायकांनी ती उचलली आणि गाणं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं :

वाट पुढची ओळखीची होईल चालता चालता गं

रेवती गाडीत बसली. गाडी गेली. मी कुठल्या तरी खुर्चीवर बसलो. शेजारच्या खुर्च्यांवर ही दोघं भावंडं होती, त्यामुळे पुढचं बोलणं माझ्या कानांवर पडलं.

"अक्का, ती तबकडी..." लिंबाजींनी सुरुवात केली. "तुला एक सांगायचं व्हतं. त्यो वरखडा..."

"काट्याचा हाय," अक्का पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "मला नवीन सांगायलास का?"

लिंबाजींचं तोंड उघडंच राहिलं.

"वेड्या, तुझ्या बोटातला काटा मी काढला. मांडवात बाभळ कुठं व्हती रं? आन मग गानं आडकलं. मी काय येवढी खुळी व्हते का? मशीनच्या मागं तू बसल्याला दिसायलास मला, बोट तोंडात घालून. म्हनून तर वळले. पैल्यांदा रीत म्हनून वळले. बाकीच्या दोन येळा तुझ्यासाठी."

"आन सासूचे बोल?"

"लावले की. खरंच व्हतं ते, जीव आडकल्याला व्हता. म्हातारीला बी कळलं फुडं. तिच्या लेकीच्या लग्नात तिनंच सांगितलं बापूला, वरखड्याचीच तबकडी आना, माझी लेक बी तीनदा वळू दे." अक्कांनी भावाच्या हाताचं बोट धरून उलटसुलट करून पाहिलं, जणू काटा अजून आत राहिला असावा. "आन तू येवढी वर्सं ह्येच्यापायी येष्टीवर येत न्हाईस व्हय रं?"

लिंबाजींनी खुर्चीच्या गादीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ह्या खुर्च्या बी विनाईलच्या हायेत, अक्का."

"हाव," अक्का म्हणाल्या. "लई चांगल्या हायेत."

चार दिवसांनी अक्का निघाल्या. मी सवयीनं गाडी काढली तर लिंबाजी आधीच पिशवी घेऊन उभे. इस्त्रीचा सदरा, दुकानाला कुलूप. स्टँडवर त्यांनी अक्कांना परळीच्या बसमध्ये खिडकीशी बसवलं, पाण्याची बाटली दिली, कंडक्टरला दोनदा बजावलं आणि खाली येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

बस हलली. अक्कांनी खिडकीतून मागं पाहिलं. लिंबाजींनी एक बोट दुमडलं. फाटकापाशी बस थांबली, पुन्हा मागं पाहिलं. दुसरं बोट दुमडलं गेलं. मग बस डावीकडे वळली आणि अक्कांची खिडकी पलीकडच्या बाजूला गेली. आता त्या दिसणं शक्यच नव्हतं.

"चला," मी म्हणालो.

"थांबा सर. दोनच झाले."

"अहो, खिडकी तिकडे गेली."

ते हलले नाहीत. आणि मग बसच्या मागच्या काचेत एक पांढरं डोकं दिसलं. चालत्या बसमध्ये, दुखऱ्या गुडघ्यांनी, सगळ्या सीटा धरत धरत म्हातारी शेवटच्या बाकापर्यंत आली होती. कंडक्टर तिच्यावर ओरडत असलेला इथूनही दिसत होता. तिनं काचेला हात लावला.

लिंबाजींनी तिसरं बोट दुमडलं.

"झालं," ते म्हणाले. "चला आता, सर."